चुनाभट्टीचं फाटक आणि दुपारच्या डब्यांची ईको

मुंबईच्या हार्बर लोकल लाईनवर चुनाभट्टी स्टेशनला लागून रेल्वे फाटक आहे. ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, ज्यांना नाही त्यांनी एकदा भर दुपारी चारचाकी घेऊन तिथून जाऊन बघावं. आमच्या दाजींचं किचन या फाटकाच्या एका अंगाला आणि गिऱ्हाईक जवळजवळ सगळं दुसऱ्या अंगाला. ऑफिसचे जेवणाचे डबे, एक ईको गाडी, एक ड्रायव्हर काका आणि साडेबाराची वेळ. फाटक ओलांडलं की पुढे कनेक्टर नावाचा उड्डाणपूल धरायचा आणि बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली ऑफिसं. हा बीकेसी-चुनाभट्टी कनेक्टर २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि दाजींचा धंदा खरा त्याच्यावरच उभा आहे, नाहीतर चुनाभट्टीतून बीकेसीला गरम जेवण पाठवायचं कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

प्रॉब्लेम असा की कनेक्टरवर जितका वेळ वाचतो तितका कधीकधी फाटकातच जातो. कधीकधी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण रोज जात असता तर दाजींनी सरळ लवकर गाडी काढली असती आणि विषय संपला असता. होतं काय की चार दिवस गाडी अशी सर्रकन पलीकडे जाते की बाराला निघूनही वेळेच्या आधी पोहोचते, आणि पाचव्या दिवशी फाटकातच इतकी अडकते की तिकडून फोन यायला लागतात. एका गिऱ्हाईकाच्या करारात उशिराला पैसे कापायचं कलम आहे आणि ते लोक कलम पाळतात, त्यात त्यांची चूक काही नाही. पण लवकर निघायचं म्हटलं तर भाजी-पोळी आधी तयार हवी, म्हणजे बायका आधी यायला हव्यात, म्हणजे पहाटेची लोकल आधीची. दहा मिनिटं लवकर हे कागदावर सोपं आहे, किचनमध्ये नाही.

दुसरा रस्ता आहे. हायवेला जाऊन फिरून यायचं, फाटक नाही पण सिग्नल आहेत आणि गर्दी आहे. सायनचा रेल्वेवरून जाणारा जुना पूल नव्याने बांधायला १ ऑगस्ट २०२४ पासून बंद केला तेव्हापासून तर त्या बाजूच्या गर्दीला धरबंदच राहिला नाही. हिशोबासाठी समजा हा वळसा रिकाम्या फाटकापेक्षा सात मिनिटं जास्त खातो.

मग दाजींनी मला विचारलं की तू ते मॅपबिपचं काम करतोस ना, मग फाटक कधी बंद असणार ते आधी सांगता येत नाही का. प्रश्न साधा वाटतो.

मॅपला हे का कळत नाही

मॅपवाली ॲप्स रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून लाल-पिवळं-हिरवं दाखवतात. फाटकाला हे लागूच पडत नाही असं नाही, पण उशिरा लागू पडतं. फाटक पडलं की आधी गाड्या थांबणार, मग त्यांचे फोन थांबलेत हे दिसणार, मग रस्ता लाल होणार, तोपर्यंत लोकल गेली आणि फाटक वर. आता लाल रंग बघून तुम्ही वळसा घ्यायला गेलात तर फाटक तुमच्या मागे मोकळं वाहतंय. त्यात बाइकवाले. ते रांगेच्या कडेकडेने पार पुढे दांड्यापर्यंत जातात आणि काही महाभाग वाकून खालूनही जातात (रेल्वे कायद्याचं १६० कलम वाचलं तर बंद फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण वाकून जाणाऱ्याला कलमं कुठे आठवतात). तर ॲपसाठी त्या रस्त्याचा वेग म्हणजे बाइक, रिक्षा, ईको सगळ्यांची खिचडी. वेझ या मॅप ॲपने २०२० मध्ये पुढे फाटक आहे अशी सूचना द्यायला सुरुवात केली, पण ते फाटक आहे एवढंच सांगतं, बंद असेल का ते नाही. चुनाभट्टीत फाटक आहे हे आम्हाला वेझने सांगायची गरज नाही.

बाहेरच्या देशांत या विषयावर बरंच काम झालंय, विशेषतः अमेरिका-कॅनडात, पण त्यांचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. तिकडे मालगाड्या दोन-दोन मैल लांब असतात, कधी फाटकावरच उभ्या राहतात, आणि मालगाडीला आपल्या लोकलसारखं छापील टाइमटेबल नसतं. अमेरिकेच्या रेल्वे प्रशासनाने २०१९ मध्ये लोकांनी अडलेल्या फाटकांची तक्रार नोंदवावी म्हणून पोर्टल काढलं. ओहायो राज्याने फाटक पाच मिनिटांपेक्षा जास्त अडवू नये असा कायदा केला होता तो २०२२ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने उडवला, कारण रेल्वे हा केंद्राचा विषय. कॅनडातल्या विनिपेगची ट्रेनफो नावाची कंपनी रेल्वेच्या जागेबाहेर सेन्सर लावून आवाजावरून गाडी ओळखते आणि फाटक किती वेळ अडेल याचा अंदाज ट्रॅफिकवाल्यांना देते. ही आवाजाची आयडिया मला आवडली, पुढे कामाला आली. पण त्यांचा मुख्य प्रश्न एक गाडी किती वेळ अडवेल हा आहे. आपल्याकडे एक लोकल फाटकावरून जायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास घेते, बारा डब्यांची सुद्धा. आपला प्रश्न ती गेल्यावर लगेच दुसरी येतेय का, हा आहे.

फाटक असं पडतं

आपली सगळ्यांची समजूत असते की गाडी आली म्हणून फाटक पडतं. खरं तर उलटं आहे. इंटरलॉक असलेल्या फाटकावर फाटक बंद होऊन लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणजे गाडी मागच्या स्टेशनच्या आसपास असतानाच गेटमनला फाटक पाडावं लागतं, नाहीतर मोटरमनला लाल दिसणार आणि त्याच्या मागे सगळी लाईन तुंबणार. म्हणून तुम्ही रिकाम्या रुळाकडे बघत बसता आणि गेटमनला शिव्या घालता, तो बिचारा बरोबर काम करत असतो.

स्टेशनला लागून फाटक असलं की अजून एक भानगड. एका दिशेच्या गाडीला आधी फाटक आणि मग फलाट, ती फाटक ओलांडून फलाटात शिरली की संपलं. दुसऱ्या दिशेच्या गाडीला आधी फलाट मग फाटक, म्हणजे ती फलाटात येऊन उभी राहणार, लोक उतरणार-चढणार आणि मग निघणार, आणि या सगळ्या वेळात दांडा खालीच. हार्बरवर सगळ्या गाड्या स्लो, प्रत्येक गाडी चुनाभट्टीला थांबते, त्यामुळे हा फरक रोजचा. एका दिशेची गाडी फाटक कमी वेळ खाते आणि दुसऱ्या दिशेची जास्त. हे टाइमटेबलात कुठेही लिहिलेलं नसतं, बघूनच कळतं.

आता मूळ गोष्ट. समजा अप (सीएसएमटीकडे जाणाऱ्या) गाडीमुळे फाटक १२:०० ते १२:०४ बंद असायला हवं आणि डाऊन (तिकडून येणाऱ्या) गाडीमुळे १२:०५ ते १२:०९. मधल्या एका मिनिटासाठी कुठला गेटमन दांडा वर करेल? वर करायला, चार गाड्या सोडायला आणि परत खाली आणायला एक मिनिट पुरत नाही. त्यामुळे रस्त्यावरच्या माणसासाठी ते सलग नऊ मिनिटांचं बंद होतं. याला काका जोडी म्हणतात, “आज जोडी लागली” असं, आणि आम्ही पण तोच शब्द धरला.

मजा पुढे आहे. डाऊन गाडी तीन मिनिटं लेट झाली तर तिचं बंद १२:०८ ते १२:१२ होतं, मध्ये चार मिनिटं मोकळी मिळतात, रांग निघून जाते. जोडी फुटली. किंवा अप दोन मिनिटं लेट झाली तर दोन्ही बंद एकमेकांवर चढतात आणि १२:०२ ते १२:०९ असं सातच मिनिटांचं बंद राहतं. म्हणजे गाडी लेट झाल्याने फाटकावर तुमचा वेळ वाचला! आणि याच्या बरोबर उलटंही होतं, टाइमटेबलात दोन गाड्यांमध्ये छान अंतर आहे आणि एक लेट झाली म्हणून दुसरीला येऊन चिकटली. त्यामुळे गाडी किती लेट आहे हे एकट्याने काही सांगत नाही, दोघींमधलं अंतर सांगतं. टाइमटेबलवर अंदाज बांधणारे सगळे इथे फसतात, त्यात लोकलच्या टाइमटेबलचं एम-इंडिकेटर ॲप उघडून शहाणपणा सांगणारा माझा भाचाही आला.

आणि दोघींची लेट व्हायची कारणं वेगळी आहेत. डाऊन गाडी वडाळ्याहून येते, आणि वडाळ्याला अंधेरी-गोरेगावची शाखा मिळते, तिथे एकीला थांबवून दुसरीला सोडतात. अप गाडी पनवेल, बेलापूर, वाशीकडून मानखुर्द, चेंबूर, टिळकनगर, कुर्ला असं करत येते, तिचा उशीर तिने लांबून गोळा करून आणलेला असतो. एकीच्या उशिराचा दुसरीशी फारसा संबंध नसतो, अपवाद म्हणजे सगळीच हार्बर झोपली तर.

पानवाला

डेटा कुठून आणायचा? रेल्वेकडे मागून मिळणार नव्हता आणि कॅमेरा लावायची कोणाची छाती नव्हती. शेवटी दाजींच्या ओळखीचा फाटकाजवळचा पानवाला कामाला आला. त्याला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं आणि सांगितलं की दांडा खाली आला की “ब” टाका आणि वर गेला की “उ” टाका, बाकी काही नको. चॅट एक्सपोर्ट केलं की प्रत्येक मेसेजची वेळ आपोआप मिळते, फुकटचा सेन्सर. अडचणी होत्याच. एक्सपोर्टमध्ये वेळ मिनिटात येते, सेकंद नाहीत. गिऱ्हाईक असलं की “ब” दोन मिनिटं उशिरा. मध्येच “उ” शिवाय दोन “ब”. एकदा त्याने सगळ्या ग्रुपला दत्तजयंतीच्या शुभेच्छा पाठवल्या त्या माझ्या प्रोग्रामने “उ” म्हणून वाचल्या कारण शेवटचं अक्षर नीट तपासलं जात नव्हतं.

मग त्याच्याच दुकानात एक जुना फोन ठेवला, आवाज ऐकणारा. दांडा खाली येताना भोंगा वाजतो तो ओळखायला सोपा, एकाच सुराचा आणि ठरलेल्या लांबीचा. रेकॉर्डिंग साठवत नाही, फक्त भोंगा वाजल्याची वेळ लिहितो, कारण पानाच्या दुकानात लोक काय काय बोलतात ते ऐकायची आम्हाला हौस नाही. बंद व्हायची वेळ अशी सेकंदात मिळायला लागली. उघडायची वेळ मात्र पानवाल्याच्या “उ” वरच राहिली, आणि ईकोत काकांच्या फोनचं जीपीएस होतं ते पडताळ्याला.

या सगळ्यातून जे मला अपेक्षित नव्हतं ते उघडल्यानंतरचं होतं. पुस्तकातलं गणित असं की फाटक उघडलं की रांग ठरलेल्या वेगाने सुटते, पुढचा गेला की मागचा. आपल्याकडे फाटक बंद असताना काय होतं ते डोळ्यासमोर आणा. आधी एक रांग असते. मग एक रिक्षा उजवीकडून पुढे येते, तिच्या मागे दुसरी, त्यांच्या मागे टेम्पो, आणि पाच मिनिटांत अख्खा रस्ता भरून दांड्याला नाक लावून सगळे उभे. पलीकडच्या बाजूलाही हुबेहूब हेच. दांडा वर गेला की दोन्हीकडच्या फौजा रुळांवर समोरासमोर. आता कोण मागे घेणार? कोणी नाही. कोणीतरी उतरून हातवारे करतो, एक बस असेल तर मग विचारूच नका. बंद जितकं लांब तितका हा गुंता मोठा, आणि तो सरळ हिशोबाने वाढत नाही. छोट्या बंदनंतर गुंता जवळजवळ नसतोच कारण उजवी बाजू भरायला वेळच मिळालेला नसतो. जोडीनंतर मात्र दांडा वर जाऊनही काका बराच वेळ जागचे हलत नाहीत.

आणि याचा उलटा परिणाम रेल्वेवर. रुळांवर गाड्या अडकल्या की गेटमनला दांडा खाली आणता येत नाही, दांडा नाही म्हणून सिग्नल नाही, सिग्नल नाही म्हणून पुढची लोकल बाहेर उभी. ती लेट. ती लेट म्हणजे पुढची जोडी कशी पडणार ते बदललं. मध्य रेल्वे दिवा स्टेशनच्या आणि पूर्वी कळवा स्टेशनच्या फाटकाबद्दल वर्षानुवर्षं हेच सांगत आलीये की फाटक वेळेत बंद न झाल्याने लोकल रखडतात. म्हणजे रस्त्याचा अंदाज बांधायला रेल्वे लागते आणि रेल्वेचा अंदाज बांधायला रस्ता. अमेरिकेतली मॉडेलं उचलून इथे लावता येणार नाहीत ती यामुळे.

सरासरीचं काय करायचं

आता थोडं गणित, पण पाचवीतलं. समजा फाटक दर दहा मिनिटांत चार मिनिटं बंद असतं. तुम्ही कधीही पोहोचलात तर बंद सापडायची शक्यता दहात चार, आणि सापडलं तर सरासरी दोन मिनिटं थांबणार. म्हणजे एकूण सरासरी एका मिनिटाच्याही आत, ०.८ मिनिट. वळसा सात मिनिटांचा. सरासरी बघणारा कोणताही प्रोग्राम डोळे झाकून सांगणार की फाटकानेच जा. रोज. आणि तो चूक नाहीये! बहुतेक दिवशी फाटकच बरं.

पण दाजींचे पैसे सरासरीवर कापले जात नाहीत, शेपटीवर, म्हणजे क्वचित येणाऱ्या वाईट दिवसांवर कापले जातात. जोडी लागली, नऊ मिनिटांचं बंद, वर चार-पाच मिनिटांचा गुंता, तिथे सात मिनिटांचा वळसा एकदम स्वस्त होतो. म्हणजे आम्हाला फाटक किती वेळ बंद राहील याचा नेमका अंदाज नकोच होता. फक्त एवढंच हवं होतं की काका फाटकाशी पोहोचतील तेव्हा जोडीच्या सुरुवातीला सापडतील का. हो असेल तर फिरा, नसेल तर काहीही असो, फाटकाने जा. बंद सापडलं तरी एकेरी बंदमध्ये दोन-तीन मिनिटं उभं राहायला हरकत नाही.

आणि हे कुठे उभं राहून विचारायचं? फाटकाच्या अलीकडे एक वळण आहे, ते सोडलं की परत फिरता येत नाही, कारण मागे लगेच रिक्षा येऊन चिकटते आणि गल्लीची रुंदी सगळ्यांना माहिती आहे. तिथून फाटक दोनेक मिनिटांवर. म्हणजे निर्णयाची जागा ती, आणि अंदाज हवा तो दोन मिनिटांनंतरचा. किचनमधून निघतानाच विचारलं तर अंदाज फारच ढिला येतो, तेव्हा अप गाडी अजून चेंबूरच्याही मागे असू शकते.

काकांची पद्धत

इथे काकांबद्दल सांगायलाच हवं. मी फोनवर काय दाखवणार हे त्यांना समजावत होतो तर ते म्हणाले, “ते ठीक आहे हो, पण फाटक बंद आहे का ते मला वळणावरच कळतं.” कसं कळतं? “समोरून गाड्या येतायत का बघायचं. येत असतील तर उघडं. रस्ता सामसूम असला तर बंद. आणि एकदम घोळका आला तर आत्ताच उघडलंय, गुंता चालू आहे.”

हे इतकं बरोबर आहे की मी त्यांचं म्हणणं आमच्या नोंदींशी ताडून बघितलं आणि आत्ता बंद आहे की उघडं याबाबतीत फोन त्यांच्यापेक्षा जास्त काही सांगत नव्हता. समोरून येणारी वाहतूक हाच सेन्सर. पण पुढे जोडी लागणार का हे समोरून येणाऱ्या गाड्यांना माहिती नसतं. फाटक उघडं दिसतंय, समोरून रिक्षा येतायत, काका पुढे गेले आणि दोन मिनिटांनी त्यांच्या तोंडावर दांडा पडला तो जोडीचा, हा प्रकार सगळ्यात वाईट आणि तो डोळ्याने टळत नाही. फोनचं काम तेवढंच ठेवलं.

काम असं चालतं. दोन्ही दिशांची पुढची गाडी कुठे आहे ते बघायचं. मध्य रेल्वेच्या यात्री ॲपवर २०२२ पासून लोकल जीपीएसवर दिसायला लागल्या, त्यामुळे निदान अप गाडी टिळकनगरला आहे की कुर्ल्याला आणि डाऊन वडाळ्याला आहे की गुरु तेग बहादूर नगरला एवढं कळतं. एक स्टेशन जवळची नोंद उपयोगाची नाही, कारण गाडी कुर्ल्यातून निघाली हे कळेपर्यंत इकडे भोंगा वाजलेला असतो, म्हणून दोन स्टेशनं मागची धरली. तिथून फाटकापर्यंत नेहमी किती वेळ लागतो आणि त्यात किती इकडेतिकडे होतं हे आमच्या नोंदींवरून. त्याच्या आधी किती वेळ दांडा पडतो आणि नंतर किती वेळाने उठतो, दोन्ही दिशांचं वेगवेगळं. मग दोन बंदांमधलं अंतर दीड-दोन मिनिटांच्या आत आलं तर ते एकच बंद धरायचं, कारण गेटमन मध्ये उघडणार नाही. हे सगळं लॅपटॉपवर शेकड्यांनी वेळा फासे टाकल्यासारखं फिरवायचं आणि त्यातल्या किती वेळा काका जोडीत सापडतात ते मोजायचं. चारात एकापेक्षा जास्त वेळा सापडले तर फोन “फिरा” म्हणतो. चारात एक हा आकडा हवेतून नाही आणला, वळशाची सात मिनिटं आणि उशिराची कापलेली रक्कम समोरासमोर ठेवून दाजींशी बसून ठरवला. ज्याच्याकडे कापायचं कलम नाही त्याने हा आकडा वर न्यावा, ज्याच्या गाडीत पेशंट आहे त्याने खाली आणावा.

फोनवर तीनच शब्द येतात: जा, फिरा, थांबा. थांबा हा नंतर आला. किचनमधून निघायच्या आधी जर दिसलं की आत्ता निघालो तर बरोबर जोडीच्या तोंडावर पोहोचणार, तर गाडी किचनच्या दारातच उभी ठेवायची. तेवढ्यात शेवटच्या पोळ्या भरता येतात, रांगेत उभं राहून त्याच पोळ्या गार होतात. वेळ तोच पण किचनमध्ये घालवलेला. गंमत म्हणजे दाजींना सगळ्यात जास्त हाच शब्द पटला, कारण पोळीवाल्या मावशींना रोज तेवढीच सवलत हवी असते.

फरक पडला का? पडला, पण जिथे वाटलं होतं तिथे नाही. रोजचा सरासरी वेळ जवळपास तसाच आहे, काही दिवस उगाच वळसा घेतला जातो आणि काका त्या दिवशी मला ऐकवतात. उशिराचे फोन मात्र कमी झाले आणि रक्कम कापली जाणं आता क्वचित. माझ्या मते यातला अर्धा फायदा एकट्या “थांबा”चा आहे.

जिथे हे चालत नाही

रविवारी हार्बरच्या या पट्ट्यात मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी वाहतूक बंद) असला की साधारण अकरा ते चार गाड्याच नाहीत, मग अंदाज कसला, फाटक बराच वेळ उघडं. पण ब्लॉकमध्ये कामाची गाडी मध्येच येऊन उभी राहू शकते आणि ती कुठल्याच ॲपवर नसते. रविवारी दाजींच्या पार्टीच्या ऑर्डरी असतात तेव्हा पानवाल्याला फोन करून विचारणं हीच पद्धत. पावसाळ्यात कुर्ला-चुनाभट्टीचा पट्टा पाण्याखाली जातो हे मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हार्बर बंद पडली की प्रोग्राम बंद करायचा, रस्त्याचंही तेच झालेलं असतं.

दुसऱ्या फाटकांवर हे उचलून नेता येईल का असं एकाने विचारलं. वसई-दिवा लाईनवर नाही. तिकडे मालगाड्यांचा भरणा, लोकलसारखं वेळापत्रक नाही, आणि मालगाडी बाहेर सिग्नलला किती वेळ उभी राहील याला धरबंद नाही. आता इंजिनांवर आरटीआयएस नावाचं यंत्र बसतंय, इस्रोच्या मदतीने केलेलं, दर अर्ध्या मिनिटाला गाडीची जागा कळवणारं, पण त्यातली मालगाड्यांची माहिती आपल्यासारख्यांना उघडी नाही. तिथे ट्रेनफोसारखा आवाजाचा सेन्सर लांबवर लावणं हाच मार्ग. उलट जिथे फक्त लोकल चालतात आणि दोनच रूळ आहेत तिथे ही पद्धत बरी चालावी. रूळ वाढले की जोडीची तिकडी-चौकडी होते.

कोणी म्हणेल पूल बांधा ना. बरोबर आहे, कळव्याला खारेगावचा पूल २०२२ मध्ये झाला आणि तिथलं फाटक गेलं, विक्रोळीचा २०२५ मध्ये झाला. रेल्वेचा निकष दिवसाच्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, तो गुणाकार एक लाखाच्या वर गेला की पूल. चारशे गाड्या आणि अडीचशे वाहनं झाली की लाख भरले, मुंबईतल्या कुठल्याही फाटकाला हे सकाळी दहाच्या आत जमेल. अडतं ते पुलाचा उतार उतरवायला जागा कुठे, यावर. दोन्हीकडे बिल्डिंगा, दुकानं आणि पानवाला.

संध्याकाळच्या ऑर्डरींचं दाजींनी विचारलं होतं, रात्रीचं जेवण पण सुरू करायचंय म्हणून. त्या वेळच्या नोंदी काढून बघितल्या तर गर्दीच्या वेळी गाड्या इतक्या दाट की एकेरी बंद हा प्रकारच उरत नाही, जवळजवळ प्रत्येक बंद जोडी. फोन सारखा “फिरा”च म्हणत होता. मग त्याला विचारायचं तरी कशाला, सहा ते नऊ सरळ हायवेने जायचं असं ठरवलं आणि वळशाची सात मिनिटं डब्याच्या वेळेतच धरली. काका म्हणाले, हे तर मी आधीच सांगत होतो.